आधी रॅम बाजूला ठेवा

मालवणात भरडाच्या बाजूला संगणक दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की दुकानदार आणि त्याच्याकडे शिकायला येणारा पोरगा मागच्या टेबलावर जुनी मशिनं छापील वेगापेक्षा जास्त पळवून, म्हणजे ओव्हरक्लॉक करून बघतात. परवा तिथे इंटेलचा कोअर २ ड्युओ ई-४३०० उघडा पडला होता. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेला हा प्रोसेसर आता भंगाराच्या भावात मिळतो. जळला तरी हळहळ नाही, म्हणून हात बसवायला उत्तम.

त्याचं गणित साधं आहे. बसचं मूळ घड्याळ २०० मेगाहर्ट्झ, प्रोसेसरचा गुणक ९, म्हणून वेग १.८ गिगाहर्ट्झ. गुणक ९ च्या वर जात नाही. तेव्हा वेग हवा तर मूळ घड्याळच वाढवायचं. ते ३३३ केलं की झाले ३ गिगाहर्ट्झ.

गोची अशी, की रॅमही त्याच घड्याळाला बांधलेली. डीडीआर२-८०० रॅमचं घड्याळ खरं तर ४०० चं असतं; दर ठोक्याला ती दोनदा माहिती देते म्हणून ८०० म्हणायचं. म्हणजे मूळ घड्याळाशी प्रमाण १:२. भजनाच्या डबलबारीत पखवाज दुगुनीत गेला तरी लय एकच असते, तसंच हे. आता लयच वाढवली तर दुगुनवाल्याची दमछाक होणारच.

पोराने प्रमाण तसंच ठेवून ३३३ टाकले. रॅमवर एकदम ६६६ मेगाहर्ट्झ आले, म्हणजे डीडीआर२-१३३३. स्क्रीन काळी. दुकानदाराने जम्पर लावून बायोस मूळपदावर आणलं आणि एवढंच म्हणाला, "आधी रॅमाक बाजूक ठेव, मगे प्रोसेसराचा काय ता बघ."

हे प्रमाण ठरवणाऱ्या मेमरी डिव्हायडरचं खरं काम हेच. बायोसमध्ये प्रमाण १:१ केलं की ३३३ च्या घड्याळावर रॅम डीडीआर२-६६७ ने चालते, छापील वेगापेक्षा हळू. आता मशीन अडखळलं तर संशय रॅमवर जात नाही. मग घड्याळ थोडं थोडं वर न्यायचं, प्रत्येक टप्प्यावर प्रोसेसरला दमवणारं प्राइम९५ लावायचं आणि तापमानाकडे बघत बसायचं. प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झवर टिकला की प्रमाण ५:६ करायचं. रॅम पुन्हा ४०० वर, म्हणजे आपल्या हक्काच्या ८०० वर येते. मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर.

१:१ म्हणजे रॅम मुद्दाम मंद करणं, असं पोराला वाटत होतं. पण हिशेब मांडला तर बसमधून सेकंदाला जास्तीत जास्त १०.६ गिगाबाइट जातात आणि डीडीआर२-६६७ च्या दोन स्टिका जोडीने तेवढंच देतात. त्यापुढे रॅम पळवून हाती थोडंच लागतं.

किनाऱ्यावर दोन गोष्टी जास्तीच्या सांभाळाव्या लागतात. खाऱ्या दमट हवेने रॅमच्या सोनेरी पिना काळवंडतात आणि त्यातून येणाऱ्या चुका हुबेहूब फसलेल्या ओव्हरक्लॉकिंगसारख्या दिसतात. म्हणून आधी खोडरबराने पिना पुसायच्या. दुसरं, हवेवर थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा गार कधीच होत नाही. जानेवारीतल्या पहाटे टिकलेला वेग मे महिन्यातल्या दुपारी कोसळू शकतो.

२०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांत इंटेलने मूळ घड्याळ जवळपास १०० वरच बांधून टाकलं. वेग वाढवायचा तो गुणकाने. पण प्रमाणाचा प्रश्न संपला नाही. २०१९ च्या रायझन ३००० प्रोसेसरांच्या मालिकेत रॅम आणि प्रोसेसरच्या आतल्या बसच्या घड्याळांचं प्रमाण १:१ राखून साधारण डीडीआर४-३६०० पर्यंत जावं, त्याच्या फार पुढे गेल्यास प्रमाण तुटतं आणि प्रतिसाद मंदावतो.

घरचं मशीन पळवायचं असेल तर कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या, एका वेळी एकच आकडा बदला, तो वहीत लिहा आणि शेवटची चाचणी भर उन्हाळ्यात, दुपारीच घ्या.