कॉफीचें दुकान : एक जोडधंदा

रस्त्यालगत ज्यांची जमीन आहे अशा तीन-चार शेतकरी बंधूंनीं या वर्षांत आम्हांस एकच प्रश्न विचारला. बांधावर पत्र्याची शेड घालून चहा-कॉफीचें लहानसें दुकान काढावें काय? दूध घरचें, जागा घरची, आणि वीस रुपयांच्या कपांत निम्मा नफा. मग अडचण ती कोणती? असें दुकान आम्हीं दोन वर्षें चालविलें व नंतर तें स्वतः चालविणें सोडलें. सबब आमच्या वहींतील आंकडे वाचकांपुढें ठेवतों.

पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग सातारा जिल्ह्यांतून जातो. त्यास मिळणाऱ्या एका रस्त्याच्या फाट्यावर आमची सव्वातीन एकर जमीन आहे. महसूल खात्यांतील नोकरींतून आम्ही मुदतीपूर्वीं निवृत्त झालों, हातीं थोडी रक्कम आली आणि चिरंजीवांचा आग्रह पडला. फाट्यावर चहाच्या पांच टपऱ्या होत्याच. कर्नाटकाकडील प्रवासी मात्र गाडींतून उतरून कॉफी विचारीत. तेव्हां फिल्टर कॉफी करावयाची ठरली. शेड, फ्रीज, पितळी फिल्टर, भांडीं व बांकें मिळून १,८०,००० रुपये लागले, आणि २०२३ च्या गुढीपाडव्यास दुकान सुरू झालें.

आधीं कागदांविषयीं; ही आमची कारकुनी खोड समजावी. शेतजमिनीवर दुकान म्हणजे बिनशेती उपयोग. त्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ लागू होतो. त्यांत वेळोवेळीं दुरुस्त्या झाल्या असल्यामुळें शेजाऱ्यानें काय केलें हें न पाहतां तहसील कचेरींत आजचा नियम विचारावा. रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडून बांधकाम करतां येतें, हेंही आधींच लेखी घ्यावें. ‘एवढ्याशा शेडला कोण पाहतो’ असें म्हणणाऱ्यांचीं प्रकरणें आमच्या टेबलावरून बरीच गेलीं आहेत. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वयें चहाच्या टपरीसही नोंदणी लागते. घरगुती गॅसची टांकी दुकानांत चालत नाहीं. १९ किलोची व्यापारी टांकी घ्यावी लागते.

पुडीविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बाजारांत ‘फिल्टर कॉफी’ म्हणून मिळणाऱ्या पुडींत बहुधा चिकोरीची मुळी भाजून, दळून मिसळलेली असते. हें मिश्रण बेकायदा नव्हे. मात्र त्यांत निदान ५१ टक्के कॉफी असावी व चिकोरीचें प्रमाण पुड्यावर छापलेलें असावें, असा नियम आहे. चिकोरीनें रंग दाट येतो व पूड स्वस्त पडते. आम्हीं प्रथम स्वस्त पूड आणली. कर्नाटकाकडील एका वृद्ध गृहस्थांनीं एक घोट घेऊन कप खालीं ठेवला, पैसे दिले व कांहीं न बोलतां निघून गेले. दुसऱ्या दिवशीं पूड बदलली.

आतां जमाखर्च. आमच्या वहीप्रमाणें एका कपास दूध २.७५ रुपये, पूड ५ रुपये, साखर ५० पैसे, गॅस १.२५ रुपये, आणि पाणी, साबण, फुटतूट यांचा १ रुपया, एकूण साडेदहा. उरले साडेनऊ. येथें दूध घरचें असूनही डेअरींत जो ३४ रुपये लिटर भाव मिळाला असता तो धरला आहे. घरचें दूध फुकट समजण्याची चूक आम्हीं पहिले चार महिने केली व त्या मुदतींत आपण मोठे व्यापारी झालों असें आम्हांस वाटत होतें. शनिवार-रविवारीं दीडशे कप जात, मंगळवारीं वीस. सरासरी रोजचे साठ. म्हणजे ५७० रुपये. पैकीं ४०० गड्याची मजुरी. वीज, नासलेलें दूध, शिळा झालेला अर्क, आणि गांवच्या मंडळींस ‘घ्या हो’ म्हणून पाजलेली कॉफी, मिळून ६० रुपये. शिल्लक रोजचे ११०, महिन्याचे ३,३००. भांडवलावर शेंकडा १२ प्रमाणें व्याज धरलें तर १,८०० त्यांतून वजा जातात. राहिले दीड हजार, आणि त्यांत पहाटे पांचपासून रात्रीं नऊपर्यंत उभे असलेल्या चिरंजीवांची मजुरी शून्य.

इतक्यावरही आम्ही दुकान चालविलें असतें, कारण दीड हजार म्हणजे कांहींच नाहीं असें नव्हे. पण वहींत न दिसणारी एक बाब होती. पावसाळ्यांत कास व ठोसेघरकडे मोटारींची रीघ लागते. दुकानाचा हंगाम तोच आणि आल्याच्या पिकाची काळजी घेण्याचे दिवसही तेच. दुसऱ्या पावसाळ्यांत झड लागली असतां चर मोकळे करावयास कोणी गेलें नाहीं. दोन रविवार गल्ला भरला. तिसऱ्या सोमवारीं शेतांत गेलों तों सखल भागांतील पानें पिवळीं पडलेलीं. उपटून पाहिलें तर गड्डे मऊ होऊन घाण सुटलेली. कंदकूज अर्ध्या एकरांत पसरली होती. तेवढ्या क्षेत्रावर बेणें, खत व मजुरी यांचाच खर्च दीड लाखाच्या घरांत गेला होता. दुकानाची दोन वर्षांची शिल्लक मात्र ३६,०००. चिरंजीव त्या दिवशीं जेवले नाहींत. दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. शेड घालण्याचा पैसा आमचा आणि गल्ला मोजण्याचा आनंदही आमचाच.

कॉफीगृहांचा जुना इतिहासही येथें आठवतो. इंडिया कॉफी हाउस १९३६ सालीं मुंबईंत चर्चगेट येथें सुरू झालें, तें नफ्यासाठीं नव्हे, तर देशांत कॉफीचा खप वाढावा म्हणून. पुढें कॉफी बोर्डानें हीं गृहें बंद करण्यास आरंभ केला, तेव्हां १९५७ पासून तेथील नोकरांनीं सहकारी संस्था काढून तीं हातीं घेतलीं, आणि त्यांपैकीं कित्येक अद्याप चालू आहेत. भट्टीपुढें जो स्वतः दिवसभर उभा राहतो व ज्यास दुसरें काम नाहीं, त्यासच हा धंदा पोसतो, असें आमचें मत झालें आहे. घरांत असें एखादें मोकळें माणूस असेल तर वरील हिशेब पालटेल, कारण गड्याचे ४०० घरांत राहतील.

आमच्या घरीं तसें कोणी नाहीं. म्हणून २०२५ च्या पाडव्यापासून शेड गांवांतील एका तरुणास महिना ४,००० रुपयांनीं दिली आहे. करार अकरा महिन्यांचा, लीव्ह अँड लायसन्सचा व रीतसर नोंदविलेला. तोंडी देऊं नये. दूध तो आमच्याकडूनच डेअरीपेक्षां दोन रुपये अधिक देऊन घेतो. त्यानें आल्याबरोबर चहा व कांद्याचीं भजीं सुरू केलीं. कॉफी आतां मागितली तरच करतो, आणि चहांत टाकण्यास आलें आमच्याच शेतांतून नेतो.