जबड्याच्या सांध्यात सिस्ट? घाबरू नका, पण टाळूही नका

जांभई देताना कानापुढे कट्ट आवाज येतो, भाकरी चावताना दुखतं आणि आपण अक्कलदाढ समजून लवंग धरतो. बहुतेकदा कारण साधंच असतं. क्वचित मात्र सांध्याच्या हाडात पोकळ गाठ, म्हणजे सिस्ट असते. अनेकदा ती दुखतही नाही, दातांच्या एक्स-रेमध्ये अचानक दिसते. सिटी स्कॅनमध्ये तिचा नेमका आकार कळतो.

गाठ लहान असेल, त्रास नसेल तर डॉक्टर फक्त लक्ष ठेवतात. ती हाड पोखरत असेल तर भूल देऊन कानापुढे छेद घेतात, गाठ खरवडून काढतात आणि तपासणीला पाठवतात. चेहरा हलवणारी नस तिथूनच जाते, म्हणून अनुभवी मॅक्सिलोफेशियल सर्जनकडेच जा. नंतर काही दिवस मऊ खिचडी, सांगितल्याप्रमाणे तोंड उघडण्याचे व्यायाम आणि ठरल्या वेळी एक्स-रे, एवढं मात्र चुकवू नका.