अतिपर्जन्य प्रदेशातील लहान कासवांचे संगोपन : ऊब, प्रकाश आणि निवारा
(गगनबावडा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

भारतीय लोकमानसात कासवाला आदराचे स्थान आहे. कूर्मावताराची कथा सर्वपरिचित आहे. महाराष्ट्रातील असंख्य देवळांच्या सभामंडपात गाभाऱ्यासमोर दगडी कासव कोरलेले आढळते. या श्रद्धेच्याच आधाराने, घरात जिवंत कासव ठेवल्यास लक्ष्मी नांदते, असा समज रूढ झाला आणि त्यातून कासवांच्या पिलांना बाजार मिळाला. अशी पिले शहरातून खेड्यात, कोरड्या प्रदेशातून पावसाळी प्रदेशात सहज नेली जातात. नवा मालक त्यांना काचेच्या पेटीत वा पाण्याच्या टोपात ठेवतो, पालक आणि काकडी खाऊ घालतो आणि काही महिन्यांत पिलू मरते. या मृत्यूचे कारण बहुधा उपासमार नसून उष्णता व प्रकाश यांचा अभाव हे असते.

कोल्हापूर शहराच्या पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला गगनबावडा हा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी बोलका प्रदेश आहे. करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या तोंडाशी असलेल्या या गावी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. प्रस्तुत लेखात कासवाच्या पिलास लागणारी ऊब, प्रकाश व निवारा यांमागील शास्त्रीय तत्त्वे स्पष्ट करून अशा हवामानात ती कशी अमलात आणावीत, याचे विवेचन केले आहे.

१. कासव कोणते आणि कोणाच्या ताब्यात?

मराठीत ‘कासव’ हा एकच शब्द तीन भिन्न जीवनपद्धतींच्या प्राण्यांसाठी वापरला जातो. समुद्री कासवे, गोड्या पाण्यातील कासवे आणि जमिनीवरील कासवे यांच्या गरजा परस्परांहून वेगळ्या आहेत. जमिनीवरील कासवाचे पाय खांबासारखे जाड असतात, बोटांमध्ये पडदा नसतो व त्याला पोहता येत नाही. त्याला पाण्याच्या टाकीत ठेवणे म्हणजे बुडवून मारणे होय. प्रस्तुत विवेचन जमिनीवरील कासवांपुरते मर्यादित आहे.

भारतात या गटातील सर्वाधिक व्यापार तारा कासवाचा (जिओचेलोन एलिगन्स) होतो. वायव्य भारत, आग्नेय भारत व श्रीलंका येथील कोरडी झुडपी राने हे त्याचे मूळ निवासस्थान आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील एकाच व्यापारक्षेत्रातून वर्षाला किमान ५५,००० तारा कासवे पकडली जात असल्याचे नोंदविले गेले. २०१९ मध्ये या प्रजातीचा समावेश साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात करण्यात आला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि तारा कासव अनुसूची १ मध्ये गेले. ते घरी, दुकानात वा महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत परवानगीविना बाळगणे हा गंभीर गुन्हा असून त्यास किमान तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

आफ्रिकेतील सल्काटा कासवासारख्या काही परदेशी प्रजातींची स्थिती वेगळी आहे. त्या बाळगणाऱ्यास २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. मात्र हे कासव पूर्ण वाढल्यावर चाळीस-पन्नास किलो वजनाचे होते, ही गोष्ट तळहातावर मावणारे पिलू घेताना सहसा लक्षात घेतली जात नाही.

तात्पर्य, पुढील विवेचन दोन प्रकारच्या संगोपकांना लागू पडते. पहिला, जप्त केलेल्या वा सापडलेल्या देशी कासवांची तात्पुरती काळजी घेणारे वन विभागाचे कर्मचारी, पशुवैद्यक व अधिकृत उपचार केंद्रे. दुसरा, नोंदणीकृत परदेशी कासवाचे पालक.

२. बाह्यतापी शरीराचे गणित

कासव हे बाह्यतापी आहे. सस्तन प्राण्यांप्रमाणे अन्न जाळून ते शरीराचे तापमान स्थिर राखू शकत नाही. ऊन आणि सावली यांमध्ये ये-जा करून ते स्वतःस हवे तितके तापवून घेते. पचन, रोगप्रतिकार व वाढ या सर्व क्रिया याच तापमानावर अवलंबून असतात. थंड पडलेल्या कासवाच्या आतड्यात अन्न पचत नाही, ते कुजते. म्हणूनच अशक्त पिलू हाती आल्यास प्रथम ऊब, नंतर कोमट पाण्याचे उथळ स्नान आणि त्यानंतरच अन्न, हा क्रम पाळणे आवश्यक ठरते.

कुक्कुटपालन करणाऱ्यांना पिलांवर दिवा टांगून ऊब देण्याची पद्धत परिचित आहे. तथापि येथे एक मूलभूत फरक आहे. कोंबडीच्या पिलाला पिसे फुटली की ते स्वतःची उष्णता स्वतः राखू लागते व दिव्याची गरज संपते. कासवाच्या बाबतीत ही गरज कधीच संपत नाही.

उष्ण कटिबंधीय कासवाच्या पिलासाठी सर्वसाधारणपणे पुढील तापमान योग्य समजले जाते : दिव्याखालील उबेची जागा ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, पेटीची सावलीची बाजू २५ ते २८ अंश आणि रात्री किमान २२ अंश. या आकड्यांइकचाच त्यांतील फरकही महत्त्वाचा आहे. संपूर्ण पेटी एकसारखी तापविल्यास पिलास निवड करता येत नाही आणि ते तापून मरू शकते. दिवा एका टोकास व लपण्याची जागा दुसऱ्या टोकास असणे हे म्हणूनच अनिवार्य आहे.

उष्णता वरून द्यावी. कासवास ऊन वरून मिळण्याची सवय असते. खालून तापणाऱ्या पृष्ठभागाचा चटका त्यास वेळीच न जाणवता अधरकवच भाजण्याचा धोका असतो. दिवसा हॅलोजन वा तत्सम उष्ण दिवा आणि रात्री प्रकाश न देणारा चिनी मातीचा उष्णक वापरावा. रात्री रंगीत दिवा लावून ठेवल्यास पिलाच्या विश्रांतीत व्यत्यय येतो. दोन्ही उपकरणे तापमान-नियंत्रकास जोडलेली असावीत व तापमापकाचे टोक पिलाच्या पाठीच्या उंचीवर ठेवावे.

३. प्रकाश : दिसणारा आणि न दिसणारा

प्रकाशाचे कार्य केवळ दिवस-रात्र दाखविणे एवढेच नाही. सूर्यप्रकाशातील २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील ‘ब’ किरणे त्वचेवर पडली असता तेथील एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून ‘ड३’ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते. या पूर्वरूपाचे जीवनसत्त्वात रूपांतर होण्यास शरीराची ऊब लागते. पुढे यकृत व मूत्रपिंड यांमध्ये त्यावर प्रक्रिया होऊन ते क्रियाशील बनते आणि आतड्यातून कॅल्शियम शोषले जाऊ लागते. साखळीतील एक कडी तुटली तरी आहारातील कॅल्शियम वाया जाते, शरीर हाडांमधील साठा उपसू लागते आणि कवच मऊ पडते. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलाचे कवच काहीसे लवचीक असतेच. परंतु पुढील महिन्यांत ते टणक न होता दबू लागल्यास तो अस्थिविकार समजावा.

या प्रक्रियेतून तीन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला, खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी आहे, कारण साधी काच अतिनील ‘ब’ किरणे जवळजवळ पूर्णतः अडविते. दुसरा, घरगुती ट्यूबलाइट वा एलईडी दिव्यातून ही किरणे मिळत नाहीत. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरिता बनविलेली खास नळीच हवी. तिसरा, ही नळी व उष्ण दिवा एकाच टोकास शेजारी-शेजारी असावेत, कारण किरणे आणि ऊब यांची गरज एकाच वेळी असते.

नळी व पिलाची पाठ यांतील अंतर उत्पादकाने दिलेल्या सूचनेनुसार ठेवावे. नळी नेहमी वर असावी. बाजूने लावल्यास किरणे थेट डोळ्यांत जाऊन इजा होते. मधे काच वा प्लॅस्टिक असू नये. दाट जाळीनेही किरणांचा मोठा अंश अडतो. नळी डोळ्यांना प्रकाशमान दिसत असली तरी तिच्यातील अतिनील अंश हळूहळू घटत जातो. म्हणून अतिनील-निर्देशांक मोजण्याचे साधन नसल्यास ती साधारणतः वर्षाच्या आत बदलणे हिताचे असते. दिवसाचा कालावधी सुमारे बारा तासांचा असावा.

४. गगनबावड्याचे हवामान व आर्द्रतेचा प्रश्न

साडेसोळा अंश उत्तर अक्षांशावरील या गावी सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, डोक्यावर येतो. मे महिन्यात त्याची किरणे प्रखर असतात, तर ऑगस्टमध्ये तोच सूर्य ढग व धुके यांच्याआड दडलेला असतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ऊन अभावानेच पडते. हवा ओली व गार राहते. पिलाच्या वाढीच्या दृष्टीने चार महिने हा अल्प काळ नव्हे.

येथे एक प्रचलित समज तपासून पाहणे आवश्यक आहे. ‘कासव कोरड्या प्रदेशातले, म्हणून त्यास कोरडे ठेवावे’ असे सामान्यतः मानले जाते. व्हिएन्ना येथील विस्नर व इबेन यांनी २००३ साली सल्काटा कासवांच्या पिलांवर केलेल्या अभ्यासाने वेगळेच दाखवून दिले. कोरड्या हवेत वाढलेल्या पिलांच्या कवचावर उंचवटे अधिक आले, तर दमट हवेत वाढलेल्यांची कवचे तुलनेने गुळगुळीत राहिली. आहारातील प्रथिनांचा प्रभाव त्यापुढे नगण्य ठरला. (तारा कासवाच्या कवचावर काही उंचवटे निसर्गतःच असतात, हे येथे लक्षात ठेवावे.)

अर्थात गगनबावड्याची आर्द्रता ही स्वतः पिलाची शत्रू नव्हे. घातक ठरतो तो ओल आणि गारवा यांचा संयोग. उबदार दमटपणा कवचास पोषक असतो. गार दमटपणा फुप्फुसाचा दाह घडवितो. नाकातून स्राव, तोंड उघडून श्वास घेणे, सुजलेले डोळे ही त्याची लक्षणे असून ती दिसताच पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. म्हणून पावसाळ्यात ओल काढून टाकण्याच्या खटाटोपापेक्षा उष्णता अखंड राखण्यावर भर द्यावा. उलट फेब्रुवारी ते मे या कोरड्या काळात लपण्याच्या जागेत ओलसर शेवाळ वा काथ्याचा भुसा ठेवून दमटपणा मुद्दाम निर्माण करावा लागतो.

वादळी पावसात वीज खंडित होणे ही घाटमाथ्यावरील नित्याची बाब आहे. त्यामुळे पेटीच्या भिंती जाड लाकडाच्या असाव्यात व वरचा भाग अंशतः झाकता यावा. वीज गेल्यास फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या एका टोकास ठेवून काही तास निभावता येतात. शेगडी वा धूर करणारे कोणतेही साधन बंद खोलीत वापरू नये.

५. निवारा व आहार

पेटी उंच असण्यापेक्षा लांब-रुंद असावी. एका पिलासाठी सुमारे १२० सेंटिमीटर लांबी व ६० सेंटिमीटर रुंदी पुरेशी ठरते. भिंती अपारदर्शक असाव्यात. काचेपलीकडचे जग दिसत असल्यास पिलू सतत भिंतीवर चढण्याच्या प्रयत्नात थकते. तळाशी आठ-दहा सेंटिमीटर जाडीचा माती व काथ्याच्या भुशाचा थर घालावा. तो खाली किंचित ओलसर व वर कोरडा असावा. नुसती वाळू पोटात जाऊन आतडे तुंबण्याचा धोका असतो. पाण्याची थाळी इतकी उथळ हवी की पिलाची हनुवटी पाण्याबाहेर राहील.

ऑक्टोबर ते मे या काळात सकाळचे कोवळे ऊन हा सर्वोत्तम उपाय आहे. कोणताही दिवा त्याची बरोबरी करू शकत नाही. मात्र बाहेरील कुंपणात निम्मी जागा सावलीची असावी आणि वरून जाळी असावी, कारण कावळे, घारी, मुंगूस, उंदीर व मांजरे यांना लहान कासव सहज भक्ष्य ठरते.

आहारात हराळीसारखे गवत, जास्वंदीची पाने-फुले, शेवग्याचा पाला व काटे काढलेला फड्या निवडुंग यांचा समावेश असावा. पालक व अळू यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून ते टाळावेत. पोळी, भात, दूध व मांसाहार पूर्णतः वर्ज्य समजावा. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस हा कॅल्शियमचा चांगला स्रोत आहे. आठवड्यातून एकदा वजनाची नोंद ग्रॅममध्ये ठेवल्यास बिघाड लवकर कळतो. नवे पिलू इतरांपासून वेगळे ठेवावे आणि हाताळणीनंतर हात साबणाने धुवावेत, कारण कासवांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतूंचा प्रसार होऊ शकतो.

६. कासव सापडल्यास

विद्यार्थी वा ग्रामस्थ सापडलेले कासव घेऊन महाविद्यालयात येणे हा प्रसंग अनेक प्राध्यापकांवर येऊ शकतो. अधिनियमाच्या कलम ३९ नुसार असा वन्यप्राणी शासनाची मालमत्ता ठरतो आणि त्याची माहिती ४८ तासांच्या आत नजीकचे पोलीस ठाणे किंवा प्राधिकृत अधिकारी यांना देणे आवश्यक असते. वन विभागाचा १९२६ हा मदत-क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे. दरम्यानच्या काळात प्राण्यास हवेशीर खोक्यात, उबदार व शांत जागी ठेवावे.

दयाबुद्धीने ते जवळच्या रानात सोडून देणे मात्र कटाक्षाने टाळावे. झुडपी रानातले तारा कासव सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात सोडणे म्हणजे त्यास पहिल्याच पावसाळ्यात मरणाच्या स्वाधीन करणे होय. शिवाय बंदिवासातील रोग स्थानिक कासवांमध्ये पसरण्याची शक्यता असते. मूळ अधिवासाची खात्री, रोगतपासणी व क्रमाक्रमाने पुनर्वसन हे काम वन विभाग व प्रशिक्षित संस्था यांचेच आहे.

निष्कर्ष

कासवाच्या पिलाची ऊब, प्रकाश व निवारा या स्वतंत्र सोयी नसून एकाच शरीरक्रियेची अंगे आहेत. उबेविना प्रकाश निष्फळ, प्रकाशाविना कॅल्शियम निष्फळ आणि योग्य निवाऱ्याविना दोहोंचा समतोल अशक्य, असा हा परस्परसंबंध आहे. गगनबावड्यासारख्या अतिपर्जन्य प्रदेशात निसर्ग वर्षातील चार महिने यांपैकी पहिल्या दोन गोष्टी जवळजवळ नाकारतो. त्या कृत्रिमरीत्या, अखंड व मोजमापाने पुरविणे भाग पडते. ही जबाबदारी किती मोठी आहे हे ध्यानात आल्यास, शोभेसाठी वा समृद्धीच्या आशेने कासव आणण्याचा मोह आपोआप कमी होईल. मंदिरातील दगडी कासवापुढे नतमस्तक होणाऱ्या समाजाला जिवंत कासवाच्या गरजा समजावून सांगणे, हे या दृष्टीने महाविद्यालयीन अध्यापकांचे महत्त्वाचे लोकशिक्षणकार्य ठरते.