सोयाबीनच्या वावरातली सरासरी

सोयाबीनची पानं गळून शेंगा खुळखुळायला लागल्या की वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड-मालेगाव भागात सोंगणीची एकच घाई उडते. मजूर मिळत नाहीत आणि दुपारी ढग जमायला लागतात. अशा धांदलीत एखाद्या वावरात चार-पाच माणसं विळे सोडून टेप, दोरी आणि खुंट्या घेऊन फिरताना दिसली, तर तिथे पीक कापणी प्रयोग चालला आहे असं समजावं. कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक यांच्यापैकी ज्याच्या वाट्याला तो प्रयोग आला तो कर्मचारी, विमा कंपनीचा प्रतिनिधी, शेतमालक आणि धुऱ्यावर उभे राहिलेले दोन-तीन बघे.

"साहेब, त्या चोपणातलं घ्या ना, तिथं तं काईच नाई झालं," शेतकरी सुचवतो. कंपनीच्या माणसाची नजर नेमकी उलट बाजूला, जिथे झाडं शेंगांनी लदलेली आहेत. महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन कमी निघालं तर शेतकऱ्यांना भरपाई, जास्त निघालं तर कंपनीचे पैसे वाचले. दोघांचा स्वार्थ उघड आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून तर निवड दोघांच्याही हाती ठेवलेली नसते. गावातला गट क्रमांक यादृच्छिक संख्येने आधीच ठरलेला असतो. शेतात पोचल्यावर नैऋत्य कोपऱ्यात उभं राहून लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, पुन्हा यादृच्छिक संख्यांची जोडी घ्यायची, तितकी पावलं एका बाजूने आणि तितकी दुसऱ्या बाजूने चालायचं. पाय थांबला तिथे कापणीच्या चौकोनाची पहिली खुंटी. ती चोपणात पडो की कसदार जागी, हलवायची नाही.

चौकोनाचं माप राज्याप्रमाणे आणि पिकाप्रमाणे बदलतं. दहा बाय पाच मीटरचा धरला तर तो ५० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. काट्यावर एक किलो इकडचं तिकडे झालं की हेक्टरी दोन क्विंटलचा फरक पडतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत एका महसूल मंडळात एका पिकाचे किमान १० प्रयोग सांगितले आहेत. दहा चौकोन मिळून ५०० चौरस मीटर झाले, आणि त्यांच्या सरासरीवर मंडळातल्या हजारो हेक्टरांचं भवितव्य ठरतं. ऐकायला हे अचाट वाटतं. पण चिठ्ठी प्रामाणिकपणे काढली असेल, तर सरासरी किती चुकू शकते याचा हिशेब गणिताने मांडता येतो. एका जागी मुद्दाम हात फिरवला, तर मात्र तो हिशेब कुठल्याच सूत्राने दुरुस्त होत नाही.

दोरी ताणताना खरी कसोटी लागते. बाजू बरोबर असल्या तरी कोपरे काटकोनात नसतील तर चौकोन तिरपा होतो आणि क्षेत्र घटतं, म्हणून कर्ण मोजायचा. दहा बाय पाचला तो ११ मीटर १८ सेंटिमीटर भरला पाहिजे. मग वाद सुरू होतो दोरीखाली आलेल्या झाडांचा. ज्याचं मूळ आत ते आत, असा नियम आहे. पण माणसाचा हात आपोआप शंकेतलं झाड आत ओढतो.

याच हातावर १९४०च्या दशकात भारतीय संख्याशास्त्रातला एक गाजलेला वाद झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस छोटे कापणी-तुकडे वापरत होते, कारण त्यांत खर्च कमी आणि प्रयोग जास्त होतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे कृषी संशोधन परिषदेत होते. छोट्या तुकड्यात उत्पादन फुगून येतं, असं त्यांनी प्रयोगांनी दाखवलं आणि १९४६ साली 'नेचर'मध्ये मांडलं. कारण साधं आहे. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस मीटरमागे जवळपास सव्वातीन मीटर कड येते, आपल्या दहा बाय पाचच्या चौकोनात फक्त ६० सेंटिमीटर. जितकी कड जास्त, तितकी शंकेतली झाडं जास्त.

कापसावर असंच काम करणारे विनायक गोविंद पानसे इंदूरच्या एका संशोधन संस्थेत होते. कापसाच्या यादृच्छिक नमुना पाहणीची सुरुवातीची चाचणी अकोला जिल्ह्यात झाली, आणि वाशिम तेव्हा अकोल्यातच होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. पानसे-सुखात्मे जोडीचं 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स' १९५४ मध्ये निघालं. कृषी विद्यापीठातल्या प्रबंधांच्या मागच्या पानांवर ही दोन नावं आजही जोडीनेच भेटतात. मराठी घरांत मात्र ती फारशी कोणाला माहीत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

सरासरी काढणं ही पहिली पायरी. संशोधनाचा प्रश्न बहुतेकदा दोन सरासऱ्यांचा असतो: रुंद सरी वरंब्यावर पेरलेलं सोयाबीन सपाट पेरणीपेक्षा खरंच जास्त झडतं, म्हणजे जास्त उतारा देतं का? रिसोड तालुक्यात करडा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतकऱ्यांच्याच वावरात अशा चाचण्या घेणं हे या केंद्रांचं नेमून दिलेलं काम. समजा, पाच गावांतल्या पाच वावरांत अर्ध्यात सपाट आणि अर्ध्यात वरंबा असं पेरलं. हे आकडे निव्वळ उदाहरणाचे. सपाट पेरणीत चौकोनामागे ६, ७, ८, ९.५ आणि १०.५ किलो. त्याच क्रमाने वरंब्यावर ६.८, ८.१, ८.७, १०.६ आणि ११.८. सरासऱ्या ८.२ आणि ९.२, म्हणजे हेक्टरी दोन क्विंटल वाढ.

हे दहा आकडे दोन सुट्या गटांसारखे संगणकाला दिले, तर टी-मूल्य, म्हणजे फरक नुसत्या योगायोगाच्या चढउताराच्या किती पट आहे ते माप, येतं जेमतेम ०.८३. पाच टक्के पातळीवर हवं असतं २.३१. निष्कर्ष: फरक सिद्ध झाला नाही. तेच आकडे वावरानुसार जोड्या लावून दिले, प्रत्येक वावरातला फरक काढला (०.८, १.१, ०.७, १.१, १.३), तर टी-मूल्य ९.१ आणि गरज २.७८ची. आता फरक ठणठणीत. किमया काही नाही. हलकी आणि भारी जमीन यांच्यातली तफावत पहिल्या हिशेबात वरंब्याच्या फायद्यावर पांघरूण घालत होती, जोडी लावताच ती वजा झाली. पण अशी जोडी लावायचा अधिकार पेरणीआधी मिळवावा लागतो. वावराचा कोणता अर्धा भाग वरंब्याला द्यायचा, हे नाणं उडवून ठरलेलं हवं. पाणथळ अर्धा मुद्दाम सपाट पेरणीला दिला असेल, तर ९.१ला काही अर्थ नाही. दोनाऐवजी चार-पाच पद्धती असल्या की टी-चाचणीच्या जागी रोनाल्ड फिशर यांचं प्रचरण विश्लेषण, म्हणजे ॲनोव्हा, येतं, बाकी शिस्त तीच.

समाश्रयण, म्हणजे रिग्रेशन, ही त्यापुढची पायरी. पाऊस आडव्या अक्षावर, उतारा उभ्या अक्षावर आणि ठिपक्यांमधून एक रेघ. रेघेचा चढ सांगतो की पाऊस अमुक मिलिमीटरने वाढला तर उत्पादन सरासरी किती वाढेल. वाशिममध्ये ही सरळ रेघ फसवते. शेंगा भरताना ताण पडला तर दाणा बारीक राहतो, आणि सोंगणीच्या वेळी झड लागली तर शेंगेतच कोंब फुटतात. कमी पाऊस वाईट, अवेळी जास्त पाऊसही वाईट. तिथे रेघ वाकवावी लागते, किंवा हंगामाचा पाऊस महिन्यांत तोडून मांडावा लागतो. ठिपके डोळ्यांनी न पाहता थेट समीकरण छापणारे संशोधक अजून बरेच आहेत.

याच रेघेत आणखी एक सापळा आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये दाखवलं की फार उंच आईबापांची मुलं सरासरी उंचीकडे सरकतात. तसंच गेल्या वर्षी सगळ्यात कमी झडलेली वावरं प्रात्यक्षिकासाठी निवडली, तर यंदा ती काही न करताही थोडी सुधारलेली दिसतात, कारण गेल्या वर्षीच्या आकड्यात दुर्दैवाचाही वाटा होता. शेजारी न बदललेली वावरं तुलनेला नसतील, तर ही सुधारणा प्रात्यक्षिकाच्या नावावर जमा होते. अहवालात ती छान दिसते.

विम्यात आता उपग्रहही आला आहे. २०२३च्या खरिपापासून केंद्र सरकारने तंत्रज्ञानाधारित उत्पादन अंदाज आधी भात आणि गव्हासाठी आणला. पिकाच्या हिरवेपणावरून उतारा सांगणारी ही मॉडेलं बेतायला आणि तपासायला शेवटी जमिनीवरचेच आकडे लागतात. दोरी ढिली धरून भरलेला आकडा मॉडेल खराच मानतं.

म्हणून आपल्या गावात कापणी प्रयोगाची चिठ्ठी निघाली, तर त्या दिवशी धुऱ्यावर नव्हे, खुंटीपाशी उभं राहा. कर्ण मोजायला लावा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या, आणि भरलेला आकडा वाचल्याशिवाय नमुन्यावर सही करू नका.