थंडीच्या मुलखातला एक तालुका : ओयम्याकोन



सैबेरिया म्हणजे नुसता बर्फ, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण तिथेही तालुके आहेत, गावे आहेत, शाळा आहेत. त्यांपैकी एका तालुक्याची माहिती मी इथे देत आहे. रशियाच्या पूर्वेकडे साखा नावाचे प्रजासत्ताक आहे. त्यालाच याकुतिया असेही म्हणतात. तिथे तालुक्याला ‘उलुस’ म्हणतात. ओयम्याकोन हा असाच एक उलुस. तो १९३१ साली स्थापन झाला. शेजारी त्याचा नकाशा मी काढला आहे, तो बघत बघत पुढे वाचा.

तालुक्याचे क्षेत्रफळ सुमारे ९२,२०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे केवढे? आपल्या महाराष्ट्राचे दहा सारखे भाग केले, तर त्यातले जवळजवळ तीन भाग! चहूकडे डोंगर, मधून इंदिगिर्का नदी. ही नदी उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्व सैबेरियन समुद्राला मिळते. नेरा नदी तिला जिथे मिळते, तिथे उस्त-नेरा हे मुख्य ठिकाण आहे. ‘उस्त’ म्हणजे नदीचे मुख. याकुत्स्क ते मगदान हा मोठा रस्ता इथूनच जातो. दोन्ही शहरे इथून सुमारे हजार-हजार किलोमीटर दूर!

आता थंडीचे बघा. ६ फेब्रुवारी १९३३ रोजी ओयम्याकोनच्या हवामान केंद्रात उणे ६७.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. कायम वस्तीच्या गावांत एवढी थंडी सांगणारे दुसरे ठिकाण म्हणजे याकुतियातलेच वेर्खोयान्स्क. पहिला नंबर कोणाचा, यावर दोघांचा वाद चालतो! पण उन्हाळ्यात याच ओयम्याकोनात पारा तीसच्याही वर जातो. म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्यात शंभर अंशांचा फरक.

इतकी थंडी का पडते? थंड हवा जड असते. ती डोंगरावरून पाण्यासारखी खाली उतरते आणि खोलगट दरीत साठून राहते. समुद्राची ऊबदार हवा डोंगरांमुळे आत येत नाही. त्यात डिसेंबरचा दिवस चार-साडेचार तासांचाच. सूर्य वर येतो न येतो तोच मावळतो.

मग लोक राहतात कसे? जमीन खाली कायमची गोठलेली असते. घराच्या उबेने ती वितळली तर घर खचेल, म्हणून मोठ्या इमारती खांबांवर उचलून बांधतात. खेड्यांत नळ गोठतात, म्हणून नदीतल्या बर्फाच्या लाद्या कापून आणतात आणि वितळवून ते पाणी पितात. पारा उणे पन्नासच्या आसपास गेला की शाळेतल्या धाकट्या मुलांना सुट्टी. (हे वाचून कोणी खूश होऊ नये. आपल्याकडे तसे होणे नाही!) याकुत लोकांचे घोडे हिवाळाभर उघड्यावर राहतात आणि खुरांनी बर्फ उकरून गवत खातात. गाईंना मात्र जपावे लागते. बाहेर नेताना त्यांच्या कासेला ऊबदार कापड बांधतात. याकुत, एवेन आणि रशियन असे लोक इथे आहेत.

आता लोकसंख्या. खरा विचार करण्यासारखा भाग हाच आहे. खानेसुमारीचे आकडे असे :

१९८९ – ३१,०७६
२००२ – १४,६७०
२०१० – १०,१०९

मी भागाकार करून पाहिला. १९८९ साली एका माणसामागे सुमारे तीन चौरस किलोमीटर जमीन येत होती, २०१० साली नऊ. माणसे इतकी कमी कशाने झाली? थंडीने? नाही. थंडी तर आधीपासूनच होती. या डोंगरांत सोने सापडले. ते काढायला आणि रस्ता बांधायला स्टॅलिनच्या काळात कैद्यांना राबवले, त्यात कितीतरी जण मेले. नंतर जास्त पगार मिळतो म्हणून दूरदूरचे कामगार आपणहून आले. खाणींजवळ वसाहती उभ्या राहिल्या. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला, सरकारचा पैसा आटला, आणि लोक सामान बांधून निघाले. सोने अजूनही काढतात, पण कितीतरी वसाहती ओस पडल्या. वसाहत उठली की तिथली शाळा, दुकान, दवाखाना सगळेच उठते.

ओयम्याकोन गाव मात्र टिकून आहे. २०१० साली तिथे पाचशेच्या आतच माणसे होती. त्यांची घोडी, गाई, मासेमारी तिथलीच. म्हणून मला वाटते, गाव थंडीने ओस पडत नाही, हातचे काम गेले की ओस पडते.

शेवटी एक गंमत. ओयम्याकोन या नावाचा अर्थ ‘न गोठणारे पाणी’ असा सांगतात. गावाजवळ एक झरा आहे, तो ऐन हिवाळ्यातही वाहत असतो!

– इयत्ता सातवी