पायरीवरची पाहुणी

सुगी आटोपून ज्वारीची पोती माळ्यावर चढली, त्याच आठवड्यात ती आमच्या दारी आली. करड्या पट्ट्यांची, बरगड्या मोजाव्यात इतकी वाळलेली मांजरी. धारेच्या वेळी गोठ्याच्या कुडाआड बसायची. कुणी वळून पाहिले, की कडब्याच्या गंजीत दिसेनाशी व्हायची.

सासूबाईंना ती नको होती. "आज दाराशी, उद्या दुधाच्या पातेल्यात. शिंक्याचं तुटलं अन् बोक्याचं साधलं, असं व्हायचं," त्या म्हणाल्या. धाकट्याने मात्र ध्यासच घेतला. पहिल्याच दिवशी तो तिला धरायला धावला आणि मनगटावर चावा घेऊन आला. मी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि त्याला तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शनासाठी नेले. रेबीज कुत्र्यापासून होतो, तसा मांजरापासूनही होऊ शकतो. अशा वेळी हळद-चुना लावून घरी बसू नये.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. रोज ठरल्या वेळी करवंटीत कुस्करलेली भाकरी आणि थोडी सुकट ठेवायची व मागे सरायचे. धरायचे नाही, टक लावून पाहायचे नाही. शेजारी पाण्याचे भांडे. दूध मुद्दामच दिले नाही, कारण पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही, ढाळ लागते. करवंटी दररोज वीतभर घराकडे सरकवायची. कुडापासून पायरीपर्यंत यायला तिला महिना लागला.

मध्येच एक पेच पडला. माळ्यावर उंदीर माजले होते. दरवर्षीप्रमाणे विषाच्या गोळ्या ठेवायची तयारी झाली. पण विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर त्यालाही विष बाधू शकते. घरात वाद झाला. दाणा वाचवायचा, की दारचे मांजर? तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "एका हातानं जेवू घालायचं अन् दुसऱ्या हातानं विष ठेवायचं, हे आपल्या घरात नको."

मग पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचली. बिळे सिमेंटने बुजवली, पिंजरे लावले. उरलेले काम मांजरीने अंगावर घेतले. सगळे उंदीर तिने संपवले असे नाही. पण पोती कुरतडण्याचे प्रमाण खूपच घटले. माणूस आणि मांजर यांची गाठ मुळात धान्याच्या साठ्यापाशीच पडली, असे अभ्यासक मानतात. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडल्याचे २००४ साली जाहीर झाले. इतकी जुनी ही सोयरीक!

थंडीत एका रात्री ती आपण होऊन आत आली आणि थेट सासूबाईंच्या वाकळेवर निजली. त्या जाग्या होत्या, पण हलल्या नाहीत.

घरची म्हटल्यावर जबाबदारीही आली. मांजरी सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा पिल्ले घालू शकते. म्हणून पशुवैद्यांकडून तिची शस्त्रक्रिया करून घेतली. रेबीजची लसही टोचली; ती डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पुन्हा टोचावी लागते.

परवा बाजाराला निघताना ती सासूबाईंना आडवी गेली. शेजारीण म्हणाली, "थांबा मावशी, जरा बसून जा."

सासूबाई पिशवी सावरत म्हणाल्या, "घरचंच माणूस ते. आडवं कसलं जातंय?"