जुन्या गाडीचा रंग उडालाय? पेंटिंगला टाकण्याआधी ‘हे’ तपासा

गाडी १२-१३ वर्षांची, इंजिन ठणठणीत. पण बोनेट आणि टपाचा रंग पार उडालेला. अशा वेळी पूर्ण गाडी रंगवायची की आहे तशीच चालवायची, हा प्रश्न अनेकांना पडतो.

रंग का उडतो?
बहुतांश गाड्यांच्या रंगावर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. उन्हातील अतिनील किरणांमुळे तो खराब होतो. थेट ऊन पडत असल्याने टप आणि बोनेट आधी फिके पडतात.

पॉलिश की पेंट?
गाडी धुऊन फिक्या भागावर रबिंग कंपाउंड घासून पाहा. चमक परतली, तर रबिंग-पॉलिशवर भागते. मात्र दर वेळी थर झिजतो, त्यामुळे ते वारंवार करू नका. पापुद्रे सुटले असतील, तर पॉलिशचा उपयोग नाही. तेवढाच भाग रंगवून घ्या.

फुगे दिसतात?
रंगाखाली गंज चढला असेल, तर थांबू नका. चमक नसली तरी गाडी चालते, पत्रा कुजला की खर्च वाढतो. गंज काढून प्रायमर न मारता दिलेला रंग पुन्हा फुगतो.

आरसी पाहिली का?
खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासणीनंतर ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. गाडी तोवर विकायची असेल, तर पूर्ण पेंटिंगचा खर्च किमतीत वसूल होणे कठीण. गाडी ठेवायचीच असेल, तर आधी गंज, मग रंग. रंगच बदलणार असाल, तर आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.